नरक्याजवळ बसून

ओळखीचं एक पान घेऊन बसा. कढीपत्त्याचं चालेल, तुळशीचं चालेल, शेजारच्या आवारातून डोकावणाऱ्या कडुलिंबाचंही चालेल. खिडकीजवळ बसा. पाठ टेकलीत तरी हरकत नाही. मननाला पद्मासनच लागतं हा उगाच पसरलेला समज आहे, आणि माझ्या गुडघ्यांना तर तो मुळीच मान्य नाही.

पान आधी नुसतं तळहातावर ठेवा. वजन असं काही जाणवणार नाही. शिरा बघा, कडा बघा, देठाचं टोक बघा, जिथून ते आत्ताच तोडलंत. घाई नाही.

आता ते चिमटीत धरा, एकदाच चुरडा आणि नाकाशी न्या.

क्षणापूर्वी हा वास खोलीत नव्हता. तो पानाच्या आत कोंडलेला होता, तुमच्या बोटांनी पेशी फुटल्या तसा मोकळा झाला. पानाच्या लेखी या घडीला तुम्ही कुरतडणारी अळी आहात. आपण ज्याला स्वाद म्हणतो आणि तेलात टाकून घरभर दरवळू देतो, त्यातलं बरंचसं अशा अळीला, बुरशीला, चरणाऱ्या तोंडाला अडवायला झाडाने घडवलेलं असतं. झाडाला पळून जाता येत नाही. बी पडलं तिथेच जन्म काढायचा, आणि भांडण असो की मैत्री, ती रसायनांनी करायची. झाडांत इतकी तऱ्हेतऱ्हेची द्रव्यं का असतात, याचं अर्धं उत्तर त्यांना पाय नाहीत यात आहे.

दोन-चार श्वास एवढंच धरून बसा: मला आवडणारा हा वास माझ्यासाठी केलेला नाही.

पान हातात असू द्या. डोळे मिटा आणि मनाने सह्याद्रीत या. आंबोलीच्या बाजूला म्हणा, राधानगरीकडे म्हणा. पावसाळा चालू आहे, वाट चिखलाची आहे, पानांवरून पाणी थेंबथेंब खाली येतंय. वाटेच्या कडेला मध्यम उंचीचं एक झाड. राखाडी, सुरकुतलेली साल. रुंद, लांब देठांची पानं फांद्यांच्या टोकांशी दाटीने आलेली. बारीक, पिवळट पांढऱ्या फुलांचे घोस. लांबून बघावं तर थांबावंसं वाटेल असं त्यात काही नाही, आणि जवळ जावं तर थांबवतच नाही, कारण फुलांना घाण येते. साधी उग्र नव्हे, कुजल्यासारखी. म्हणून आपल्याकडच्या लोकांनी त्याला नाव दिलं नरक्या. शास्त्रज्ञांनीही भीड ठेवली नाही. त्याचं जुनं शास्त्रीय नाव मॅपिया फोइटिडा, म्हणजे दुर्गंधी. हल्ली त्याला नोथापोडायटिस निम्मोनियाना म्हणतात. त्यातला निम्मो हा एकोणिसाव्या शतकात मुंबईत वनस्पती गोळा करणारा अभ्यासक.

याच झाडाला अमृता असंही म्हणतात. (आयुर्वेदातली अमृता म्हणजे गुळवेल. ती निराळी, आणि तिचा याच्याशी काही संबंध नाही. नावांच्या घोटाळ्यातून माणसं भलते काढे पितात, म्हणून मुद्दाम सांगितलं.)

एका खोडाला नरकाचं नाव आणि अमृताचंही. दोन्ही नावं मनात शेजारी शेजारी ठेवा. त्यातलं खरं कोणतं हे ठरवायची घाई करू नका. पहिलं नाकाने दिलंय. दुसरं कुणी दिलं असेल?

मी ते झाड पहिल्यांदा बघितलं तेव्हा सोबतच्या गाववाल्याने आधी फूल हुंगायला लावलं आणि माझं तोंड बघून मनसोक्त हसून घेतलं. मग खोडावर थाप मारून म्हणाला, "ह्याचं औषध होतं कॅन्सरचं. परदेशात जातं." ते कसं होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मलाही तेव्हा नव्हतं. बरीच वर्षं मी ते 'जंगलात सगळ्यावर औषध असतं' या कप्प्यात टाकून ठेवलं होतं. तो कप्पा सोयीचा असतो, त्यात काहीही मावतं.

खरी वाट अशी आहे. १९५०च्या दशकात फिलाडेल्फियामधल्या अमेरिकी शेतीखात्याच्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ झाडांचे अर्क तपासत होते. त्यांना हवी होती कॉर्टिसोन बनवायला उपयोगी पडतील अशी द्रव्यं. कॅन्सर त्यांच्या कामात नव्हता. जमलेल्या अर्कांपैकी हजारेक त्यांनी कॅन्सरविरोधी चाचण्यांसाठी देऊन टाकले, आणि त्यातला एक उठून दिसला. तो होता चीनमधून आणून अमेरिकेत लावलेल्या एका झाडाचा. चिनी लोक त्या झाडाला शी शू म्हणतात. आपल्या भाषेत, आनंदवृक्ष.

वॉल पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे १९६२ साली त्यांना जोडीदार मिळाले मनसुख वाणी. जन्म १९२५चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचं शिक्षण, मग इंडियानात पीएच.डी. दोघांनी त्या चिनी झाडाचं लाकूड आणि साल घेतली आणि पाखडायला बसले. मला दुसरा शब्द सुचत नाही. अर्काचे दोन भाग करायचे, दोन्ही ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर तपासायचे, ज्यात गुण आहे तो ठेवायचा, दुसरा टाकायचा. ठेवलेल्याचे पुन्हा दोन भाग. पुन्हा उंदीर. पुन्हा वाट बघणं. सूप हलत राहतं, फोलपट उडत राहतं, आणि अखेरीस तळाशी जे स्फटिक उरले त्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. क्ष-किरणांच्या मदतीने त्याची घडण कळली आणि १९६६ साली ती छापून आली. याच जोडीने पुढे पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढलं, ते १९७१ साली जाहीर झालं. एका माणसाच्या हातून असं एक औषध निघालं तरी जन्माचं सार्थक. वाणींच्या हातून दोन निघाली, आणि नंदुरबारबाहेर सोडा, नंदुरबारातही त्यांचं नाव किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे.

मग १९७२ साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना नरक्यात तेच द्रव्य सापडलं. अगदी तेच, रेणूला रेणू जुळणारं. चिनी आनंदवृक्षाचं आणि आपल्या नरक्याचं नातंगोतं नाही, दोघांची कुळं निराळी. तरी दोघांनी एकच वस्तू घडवली, आणि नरक्याने ती जास्त भरून ठेवली.

काखेत कळसा ही म्हण ओठांवर येईल. ती थोडी मागे ठेवा. कळसा हा कळसा आहे हे आधी कुणीतरी ओळखावं लागतं, आणि ते ओळखणं लांबच्या गावी, दुसऱ्याच झाडासमोर घडलं होतं.

इथे पान खाली ठेवा आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या. उठायला लागेल, उठा. मनन म्हणजे हललंच नाही पाहिजे असं नाही.

हातभर दोरा दुहेरी करा. दोन्ही मोकळी टोकं एकत्र करून खिडकीच्या गजाला घट्ट बांधा. दुसरीकडची घडी चिमटीत धरून पीळ देत राहा, दोन पदर एकमेकांभोवती नीट गुंडाळले जाईपर्यंत. आता तुमच्या बाजूच्या टोकाशी दोन पदरांच्या मध्ये पेन्सिल घाला आणि ती हळूहळू गजाकडे सरकवा. पदर वेगळे होत जातात. पण पेन्सिलीच्या पुढे काय होतंय ते बघा. पीळ कुठे जात नाही. तो पुढे ढकलला जातो, दाटतो, दोरा स्वतःवरच वळसे घेऊ लागतो आणि एका जागी पेन्सिल अडते. पुढे जात नाही म्हणजे नाहीच.

बोटांना जो विरोध जाणवतोय त्यावर लक्ष ठेवून थोडं बसा.

तुमच्या प्रत्येक पेशीत असाच दुपदरी, पिळाचा दोरा आहे. उलगडून सरळ केला तर साधारण दोन मीटर भरेल, आणि तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेत कोंबलेला आहे. पेशीला दोन व्हायचं असलं की त्या दोऱ्याची नक्कल करावी लागते. नक्कल करायची तर पदर सोडवावे लागतात. सोडवायला गेलं की पुढे पीळ दाटतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ जिवंत ठेवून पीळ घालवायचा आहे.

त्यासाठी पेशीजवळ एक कारागीर आहे, टोपोआयसोमरेज. त्याची युक्ती साधी आहे. तो दोन पदरांपैकी एक कापतो, दोऱ्याला मोकळेपणी फिरू देतो, ताण उतरला की कापलेलं पुन्हा सांधतो. कुठे काही झालं होतं याची खूणही राहत नाही. तुम्ही हे वाचताय तेवढ्यात तुमच्या अंगात हे कापणं आणि सांधणं ठिकठिकाणी चालू आहे. तुम्ही त्याला सांगितलेलं नाही, त्याने तुम्हाला विचारलेलं नाही.

श्वास आत घ्या. कापलं गेलं. श्वास सोडा. सांधलं गेलं. (श्वासाचा त्या कामाशी काही संबंध नाही, मनाला धरायला काहीतरी हवं म्हणून.)

कॅम्प्टोथेसिन काय करतं, तर कापलेल्या फटीत जाऊन बसतं. कारागिराचा हात दोऱ्यावर तसाच अडकतो. कापलेलं सांधलं जात नाही. मागून नक्कल करणारी यंत्रणा भरधाव येते, त्या जागी आदळते, आणि मग दोन्ही पदर तुटतात. अशा बऱ्याच जागा झाल्या की पेशी मरते. ज्या पेशी सारख्या दोनाच्या चार होत असतात त्यांच्यावर हा घाव जास्त बसतो. कॅन्सरच्या पेशी तशाच असतात. पण केसांच्या मुळांशी, आतड्यांच्या अस्तरात, हाडांच्या मगजात असलेल्या चांगल्या पेशीही तशाच असतात, म्हणून केस जातात, जुलाब लागतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात. नरक्याला दोन नावं का, याचं उत्तर इथपर्यंत आल्यावर मला निराळं वाटायला लागतं. वासाचा त्यात फारसा हात नाही. फटीत बसणारी ती एकच वस्तू. कुणाच्या पेशीत, किती आणि किती वेळ, यावर सगळं.

म्हणूनच हे वाचून कुणी नरक्याच्या सालीचा काढा उकळायला ठेवू नये. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे वाक्य मोबाइलवर रोज सकाळी फिरत असतं, गुलाबाच्या चित्रासकट. ते लिहिणाऱ्याने एखादं विष कधी नीट बघितलेलं नसावं.

आता एक प्रश्न मनात सोडा आणि उत्तराच्या मागे लागू नका. हे झाड स्वतःच्या विषाने मरत कसं नाही? त्याच्याही पेशींत पिळाचा दोरा आहे, तोच कारागीर आहे.

बसा जरा.

चिनी आनंदवृक्षापुरतं तरी उत्तर मिळालेलं आहे. त्याच्या कारागिराच्या घडणीत नेमक्या मोक्याच्या ठिकाणी एक कण बदललेला आहे, शेकडो मण्यांच्या माळेतला एकच मणी. तेवढ्याने ते विष त्याच्या फटीत नीट बसत नाही. विष घडवताना झाडाला स्वतःलाही बदलावं लागलं. नरक्याच्या बाबतीत दुसरीच गंमत पुढे आली. २००५ साली जम्मूतल्या संशोधकांनी त्याच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशी वेगळी वाढवून पाहिली, तर तीही कॅम्प्टोथेसिन करत होती. झाडाने बुरशीकडून घेतलं की बुरशीने झाडाकडून, की सालीतल्या भाडेकरूने घरमालकाचा स्वयंपाक शिकून घेतला, काही म्हणा. आपण ज्याला एक झाड म्हणून बोट दाखवतो ते आतून एक वाडा आहे.

आता पुन्हा माणसांकडे. १९६६ साली घडण कळली म्हणजे औषध झालं असं वाटेल. तीस वर्षं लागली. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, आणि शिरेतून द्यायचा तर विरघळायला हवा. तेव्हा त्याच्या घडणीतलं एक कडं उघडून त्याचं विरघळणारं क्षार रूप केलं आणि १९७०च्या सुमाराला ते रोग्यांना दिलं. गुण यथातथा आणि त्रास भयंकर. मूत्राशयातून रक्त जायला लागलं. १९७२पर्यंत चाचण्या थांबल्या. कारण पुढे ध्यानात आलं: कडं उघडलं की औषधाचा जोर जात होता, आणि लघवीच्या आम्लात ते कडं पुन्हा मिटत होतं. म्हणजे जिथे जोर हवा तिथे नाही आणि नको तिथे परत आलेला. ज्या रोग्यांनी त्या चाचण्यांत स्वतःला दिलं, त्यांची नावं कुठल्याही शिलालेखावर नाहीत. त्यांच्यासाठी एक श्वास थांबा. मी दर वेळी इथे थांबतो.

त्यानंतर बरीच वर्षं ते कपाटातच राहिलं. १९८५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लेरॉय लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कळलं की हे द्रव्य टोपोआयसोमरेजवर बसतं, म्हणजे तुमच्या दोऱ्याची गोष्ट. लढाई कुठे चालू आहे ते कळल्यावर पुन्हा हालचाल सुरू झाली. कडं तसंच मिटलेलं ठेवायचं आणि दुसरीकडे एखादी शेपटी जोडून पाण्यात विरघळणारं करायचं, असे बदल करून दोन औषधं आली, टोपोटेकन आणि इरिनोटेकन. इरिनोटेकन जपानमध्ये याकुल्ट कंपनीच्या संशोधकांनी घडवलं. हो, तीच, छोट्या बाटलीतलं आंबूस गोड पेय विकणारी. अमेरिकेत दोन्हींना १९९६ साली मंजुरी मिळाली. इरिनोटेकन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी, टोपोटेकन आधी अंडाशयाच्या आणि पुढे फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी.

औषध मार्गी लागलं आणि कच्च्या मालाला मागणी आली. सह्याद्रीत, कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या डोंगरात, नरक्याकडे नाक मुरडून जाणारी माणसं कोयती आणि पहारी घेऊन त्याच्याकडे जायला लागली. द्रव्य खोडात असतं तसं मुळांतही असतं, म्हणून मुळासकट उपटणं आलं. खोड वर कापलं तर झाड पुन्हा फुटतं. मूळ गेलं की फुटायला काही उरत नाही. तुकडे करून वाळवायचे, पोत्यांत भरायचे, रात्री टेम्पोत चढवायचे. वनखात्याने पकडलेल्या नरक्याच्या बातम्या आपल्या पेपरांत अधूनमधून येत असतात, आतल्या पानावर, चार ओळींच्या. तोडणाऱ्याच्या हातात त्या दिवसाची मजुरी पडते. पोत्याची किंमत पुढे प्रत्येक मुक्कामाला वाढत जाते.

जंगल म्हणजे औषधांचा खजिना, हा शब्दप्रयोग तेव्हापासून माझ्या तोंडी येत नाही. खजिना म्हटलं की कुदळ आलीच. या गोष्टीत खजिना कुठे होता ते सांगता येणं कठीण आहे. नरक्याच्या सालीत होता म्हणावं, तर लोक त्याच्याजवळून शतकानुशतकं नाक दाबून गेले. वाणींच्या टेबलावर होता म्हणावं, तर झाडाने काही केलंच नसतं तर ते काय पाखडणार होते?

आता शेवटचं बसणं. दवाखान्यातली एक खोली डोळ्यांपुढे आणा. तुमच्या माहितीतलं कुणी अशा खोलीत बसलेलं असेल, तर तीच आणा. खुर्ची मागे कललेली, हातात सुई, वर टांगलेली पिशवी. इरिनोटेकनचं पाणी फिकट पिवळं असतं. साधारण दीड तास थेंबथेंब उतरत राहतं. बाहेर बसलेली सून किंवा मुलगा फोन बघतोय, मध्येच आत येऊन विचारतोय, "पाणी हवंय का?" खोलीत स्पिरिटचा वास आहे. कुजलेल्या फुलांचा कुठेही नाही.

त्या पिशवीपासून मागे निघा. थेंबामागे नळी, नळीमागे बाटली, बाटलीमागे कारखाना, कारखान्यामागे वाळलेल्या लाकडाचे तुकडे, तुकड्यांमागे पोतं, पोत्यामागे पहार धरलेला हात, हाताखाली ओली माती. आणखी मागे. त्या झाडाची फळं पिकून जांभळी झाली आहेत. खाली सावलीत दोन पानांचं रोप उभं आहे, कुणाच्याही नजरेत न येण्याइतकं लहान. पावसाचा थेंब त्याच्या पानावर पडतो, पान वाकतं, सरळ होतं. तिथे जितका वेळ थांबता येईल तितका थांबा.

डोळे उघडा. गजाचा दोरा सोडा. पीळ आपोआप उलगडताना बोटांवर गुदगुल्या होतील. खाली ठेवलेलं पान एव्हाना चुरडलेल्या जागी काळवंडलं असेल. बोटं मात्र लगेच धुऊ नका. जेवायला बसाल तेव्हा पहिल्या घासाबरोबर तो वास पुन्हा येईल.